किनाऱ्याकडे पाठ

सहदेवच्या होडीत एक नियम होता. होडी खडपाकडे निघाली की जो सुकाणू धरत नाही त्याने किनाऱ्याकडे पाठ करून बसायचे. पाहुणा असो, नातेवाईक असो, घरची सून असो, नियम सर्वांना सारखा. होडी खडपावर थांबली, गळ पाण्यात सुटले, मासा लागला आणि आनंदाने ओरडावेसे वाटले, तरी तोंड पश्चिमेकडेच ठेवायचे. परतीची निम्मी वाट संपली की सहदेव म्हणायचा, "आता बघा काय बघायचं ते." मग आम्ही मान वळवून खारदांडा पाहायचो.

खडप म्हणजे समुद्राच्या तळाशी असलेला एक खडकाळ उंचवटा. वरून पाहिले तर तिथले पाणी आजूबाजूच्या पाण्यासारखेच दिसते. जाळी तिथे टाकता येत नाहीत, खडकाला अडकून फाटतात. पण गळ टाकला तर तांबोशी लागते, वाम लागते आणि नशीब असेल तेव्हा घोळ. उन्हाळ्याच्या अखेरीस जाळ्यांना काही लागेनासे झाले की सहदेवचे घर या खडपावर चालत असे. त्याच्या आजोबांनी तो शोधला होता. तो सापडण्याच्या खुणा दोन, आणि दोन्ही किनाऱ्यावर. उत्तरेकडच्या दोन वस्तू एकामागे एक येतात आणि त्याच क्षणी दक्षिणेकडच्या दोन वस्तू एकामागे एक येतात, असे समुद्रात एकच ठिकाण आहे. त्या खुणा कोणत्या, हे मी इथे लिहिणार नाही. आता लपवण्यात अर्थ उरलेला नाही, तरीही लिहिणार नाही.

आमची इमारत दांड्याच्या कोळीवाड्याला लागून आहे. माझी बायको पद्मजा सहदेवच्या आईकडून मासे घ्यायची, मग त्याच्या बायकोकडून, आणि आता त्याची सून, प्रज्योतची बायको नमिता, हिच्याकडून घेते. या ओळखीतून मी त्या होडीत जाऊ लागलो. मी स्थापत्याची पदविका घेऊन एका सल्लागार संस्थेत आरेखक म्हणून लागलो आणि निवृत्त होताना नकाशांचा तपासनीस होतो. दोन रेषांनी एक बिंदू निश्चित करणे हा माझ्या पोटापाण्याचा व्यवसाय होता. त्यामुळे पाठीमागे काय चालले आहे याची उत्सुकता मला इतरांहून अधिक असायची. तरी कित्येक वर्षे मी पश्चिमेकडे तोंड करून बसलो आणि एकदाही मान वळवली नाही.

मग एके दुपारी सहदेव आमचा जिना चढून वर आला. तो घरी येण्यातला नव्हता. पद्मजाने दिलेले पाणी त्याने हातातच धरून ठेवले.

"मधू, टाकी पाडतायत."

"कुठली टाकी?"

"ती रे, जुन्या सोसायटीवरची. इमारत नवीन बांधतायत म्हणं. ती गेली का माजी एक खूण गेली."

"यंत्रात बिंदू टिपून ठेव ना. प्रज्योतच्या फोनमध्येसुद्धा येतो."

"फोन दुरुस्तीला टाकला का दुकानवाल्याला पण खडप गावला," सहदेव म्हणाला. "यंत्र नको. उद्या तू चल. तुजा डोळा पायजे मला."

दुसऱ्या दिवशी खडपावर होडी थांबवून त्याने मला सांगितले, "फिर."

मी फिरलो. त्या ठिकाणाहून मी दांडा पहिल्यांदाच पाहत होतो. टाकीच्या जागी कोणती वस्तू धरावी, जी पुढची पन्नास वर्षे कोणी पाडणार नाही आणि जिच्यापुढे दुसरे काही उभे राहणार नाही, याचा विचार करत आम्ही तिथे बराच वेळ डोलत बसलो. विकास आराखड्यात कुठे काय होणार आहे याची मला कल्पना होती आणि भरतीला कुठे काय झाकले जाते याची त्याला. दोघांनी मिळून नवी खूण ठरवली. परतताना तो म्हणाला, "हे प्रज्योतला आणि मला ठावं होतं. आता तुला." त्यानंतर खडपाकडे जाताना मी हवे तिकडे तोंड करून बसू लागलो, आणि मला नोकरीत मिळालेल्या कोणत्याही बढतीपेक्षा याचे मोल अधिक वाटत असे.

गंधाली माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भावाचे घर नाहूरला, पण तिच्या मे महिन्याच्या सुट्ट्या आमच्याकडेच जात. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांखालून वाकून पळणे, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर खेकडे शोधणे, सहदेवच्या होडीत बसण्यासाठी हट्ट करणे, हे तिचे सुट्टीतले उद्योग. होडीत तीही किनाऱ्याकडे पाठ करून बसायची.

"सहदेवकाका, मागे काय आहे?"

"मागं वळलीस तर मासा पळंल."

"का पळेल?"

"लाजतो तो."

ही गंधाली पुढे कादंबरीकार झाली. तिच्या पहिल्या दोन कादंबऱ्यांची कोणी दखल घेतली नाही. दुसरीनंतर ती बराच काळ आमच्याकडे आली नव्हती, आणि आली तेव्हा वाळूत बसून राहिली. संध्याकाळी वर येऊन म्हणाली, "काका, मी उगाच दिल्ली आणि परदेश असलं काहीतरी लिहीत बसले. मला येतं ते हे. दांडा. पुढचं पुस्तक दांड्यावर, आणि नाही जमलं तर लिहिणं बंद." पद्मजाने तिला जवळ घेतले. मला फार आनंद झाला. ज्या जागेला आपण जीव लावला आहे ती जागा कोणीतरी नीट लिहून ठेवणार, आणि तेही आपल्या घरातले कोणीतरी, याहून चांगले काय असणार?

मी तिला सर्वत्र हिंडवले. कोळीवाड्यातल्या घरांत नेले, गौरीच्या दिवसांत नेले, बर्फ फोडणाऱ्यांशी गाठ घालून दिली. सहदेवने तिला होडीतून नेले, नेहमीच्याच नियमाने. एका सकाळी तो वाळूवर जाळे सांधत बसला होता आणि नमिता शेजारी मांदेली निवडत होती. तेव्हा गंधालीने विषय काढला.

"सहदेवकाका, आता मी मोठी झाले. आता तरी सांगा, खुणा कुठल्या?"

"कशाला? गळ टाकणार हाय तू?"

"पुस्तकात पाहिजेत."

"पुस्तकात मासा लागत नाय गो."

नमिता हसली. "ताई, मला अजून नाही सांगितलं. ह्यांच्या घरात लग्न करून आले, पोरं झाली, तरी होडीत मी परकीच. पाठ करून बस म्हणतात."

"तुला कळलं तर बाजारात सगळ्यांना कळंल," सहदेव म्हणाला.

"बघा! सासरा आहे की कस्टमवाला!"

"बरं, खऱ्या नको," गंधाली म्हणाली. "चुकीच्या तरी सांगा."

"चुकीच्या पायजे तर तुज्या तूच बनव. आमच्याकडे तो माल नाय."

सगळे हसलो. घरी परतताना मी गंधालीला स्पष्ट शब्दांत सांगितले की तो खडप हा त्या घराचा आहे, खुणांविषयी पुन्हा विचारू नकोस, मलाही नाही. ती म्हणाली, "काका, कादंबरी आहे हो. मला समुद्र पाहिजे, पत्ता नको. तुमची शपथ." मला ते पटले.

काही आठवड्यांनी तिच्याकडून पाने येऊ लागली. मला फोनवर वाचणे जमत नाही म्हणून ती छापून पाठवायची, तीन-चार सुटी पाने, वेगवेगळ्या प्रकरणांतली. सोबत चिठ्ठी: 'भाषा बघू नका, फक्त दिशा आणि जागा चुकल्या असतील तर सांगा.'

माझ्या स्वभावातल्या एका गोष्टीवर आमच्या घरात नेहमी चेष्टा चालते. चुकीचा नकाशा माझ्याने पाहवत नाही. लग्नपत्रिकेच्या मागे कार्यालयाचा नकाशा छापलेला असतो, त्यात उत्तर चुकली असेल तर मी लाल पेन्सिलीने दुरुस्त करतो. बोरिवलीच्या एका लग्नात मी आहेर देण्याआधी वधुपित्याला ती दुरुस्ती दाखवली होती, हे पद्मजा अजून चारचौघांत सांगते. नोकरीत माझी सही नकाशाच्या कोपऱ्यातल्या 'तपासले' या चौकटीत असे. तिथे सही केल्यावर चूक राहिली तर ती आरेखकाची नव्हे, माझी. ही सवय निवृत्तीबरोबर निवृत्त होत नाही.

पाने पुष्कळ चुकांची असायची. कार्टर रोडकडून येताना देऊळ डाव्या हाताला, तिने उजव्या हाताला दाखवले. सूर्यास्ताच्या वेळी एका खिडकीत ऊन आणले, ती खिडकी पूर्वेची होती. मी दुरुस्त करत गेलो. पद्मजा चहा ठेवून म्हणायची, "पोरगी एवढी वर्षं इथे खेळली आणि तिला देऊळ कुठे ते माहीत नाही? आश्चर्यच आहे."

"लिहिताना माणूस गोंधळतो."

"तुम्ही मात्र कधी गोंधळत नाही. विंचू चावल्यासारखे त्या कागदावर तुटून पडता."

एका पानावर नायक समुद्रात, होडीत उभा राहून किनारा पाहतो. त्याला देवळामागे जे दिसते असे लिहिले होते, ते समुद्रातून तिथे दिसणे शक्यच नाही. मी ते खोडून काय दिसेल ते लिहिले, आणि ते डावीकडे किती सरकलेले असेल हेही समासात नोंदवले. पुष्कळ दिवसांनी दुसऱ्या एका प्रकरणातले पान आले. त्यात एक म्हातारी होडीतून दक्षिणेकडे पाहत होती. तिच्या दृष्टीसमोरही अशक्य गोष्टींची रांग लावलेली होती. तीही मी सरळ केली. नकाशाची दोन सुटी पाने वेगवेगळ्या दिवशी टेबलावर आली तर तपासनीस ती कुठे जुळतात ते दाखवणारा जोडनकाशा मागतो. मी तो मागितला नाही. गोष्ट होती, म्हणून मागितला नाही. आणि एक बाब माझ्या लक्षात यायला हवी होती ती आली नाही: समुद्रातून दांड्याचा किनारा मी निरखून पाहिला होता तो एकाच ठिकाणाहून. दुसरीकडून कसा दिसतो हे मला माहीतच नव्हते.

पुस्तकाचे प्रकाशन पार्ल्याच्या एका सभागृहात झाले. गंधालीने सहदेव आणि नमिताला आग्रहाने बोलावले होते, गाडी पाठवली होती. सहदेव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसला. नमिताच्या केसांत अबोली होती आणि ती सारखी फोनवर फोटो काढत होती. सुरुवातीला गंधालीने सहदेवला व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ दिले. "हे नसते तर ही कादंबरी नसती," ती म्हणाली. टाळ्या झाल्या. सहदेव संकोचून खाली आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "नारळ झकास हाय. पुनवेला सोडतो."

मग तिने एक उतारा वाचायला घेतला.

नायक आजोबांच्या होडीतून खडपावर जातो. आजोबा त्याला म्हणतात, फिर. तो फिरतो आणि किनारा पाहतो. उत्तरेला एकामागे एक आलेल्या दोन वस्तू. दक्षिणेला एकामागे एक आलेल्या दोन वस्तू. गंधालीचा आवाज चांगला आहे, तिने ते सावकाश, एकेक शब्द मोकळा सोडत वाचले. ती दोन सुटी पाने एका परिच्छेदात आली होती. डावीकडे किती सरकलेले, तेही त्यात होते.

मी सहदेवकडे पाहिले नाही. मला पाहता आले नाही. त्याच्या मांडीवरचा नारळ तेवढा दिसत होता. तो त्याला दोन्ही हातांनी फिरवत होता.

वाचन संपल्यावर गंधाली श्रोत्यांशी बोलली. "हा उतारा कसा आला त्याची गंमत सांगते. माझे मधूकाका इथे बसलेत. त्यांना प्रश्न विचारला तर उत्तर देत नाहीत, फार तत्त्वाचे आहेत. पण चुकीची दिशा लिहून पान त्यांच्यासमोर ठेवा, त्यांच्याच्यानं राहवतच नाही! मी काय करायचे, मुद्दाम चुकीचं लिहायचे. लाल पेन्सिलीनं बरोबर होऊन परत यायचं!" सभागृह खळखळून हसले. "काका, उभे राहा ना, प्लीज."

मी बसून राहिलो. पद्मजाला काही कळले नव्हते. तिने माझ्या कोपराला धरून म्हटले, "अहो, उठा, लोक बघतायत." आणि मी उठलो. टाळ्या वाजल्या. सहदेवशेजारी उभा राहून मी त्या टाळ्या घेतल्या.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या रांगेत मी त्याला शोधले तेव्हा खुर्चीवर घडी केलेली शाल होती. नमिता दारापाशी भेटली. तिच्या हातात पुस्तक होते, पहिली पाने उघडलेली. ऋणनिर्देशात छापले होते: 'या कादंबरीतल्या दांड्याचा प्रत्येक कोन माझ्या मधूकाकांनी तपासला आहे.'

"बाबा रिक्षात बसलेत," ती म्हणाली. "गर्दीत त्यांना बरं वाटत नाही." मग तिने पुस्तक मिटले. "काका, मला एवढी वर्षं सांगितलं नाही त्यांनी. आज माईकवरून कळलं."

पुढच्या रविवारी गंधाली पेढे घेऊन आली. पुस्तकावर दैनिकांत चांगले लिहून आले होते, दुसऱ्या आवृत्तीची बोलणी सुरू होती. मी तिला बसायला सांगितले.

"तू माझी शपथ घेतली होतीस."

"काका, मी तुम्हाला विचारलं नाही. सहदेवकाकांना विचारलं नाही. मी शब्द पाळला."

"तू मला फसवलंस."

"फसवलं काय! कादंबरी आहे ती, नकाशा नाही. कोण वाचून होडी घेऊन निघणार आहे?"

"मग चुकीचे होते तेच का ठेवले नाहीस?" मी विचारले. "नकाशा नाही ना? मग देवळामागे काहीही दिसले असते तरी चालले असते."

यावर तिने जे सांगितले ते खरे सांगितले, हे मला मान्य केले पाहिजे. "चुकीचं होतं तोपर्यंत ते पान मेलेलं होतं, काका. किती वेळा लिहिलं मी. सहदेवकाकांच्या मनात त्या जागेवर गेल्यावर काय होत असेल ते येतच नव्हतं. तुमची दुरुस्ती आली आणि मला दिसलं. सगळे त्याच पानाविषयी बोलतायत. माझ्याकडे तेवढं एकच खरं पान आहे."

"ते तुझ्याकडे नाही. ते सहदेवचे आहे."

"मी त्यांच्यावर प्रेम करते म्हणून लिहिलं ना!"

"दुसऱ्या आवृत्तीतून ते काढून टाक."

"तेच?" ती माझ्याकडे लहानपणी होडीत चढू न दिल्यावर पाहायची तसे पाहत राहिली. "काका, तेच कसं काढू?"

पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने पेढ्यांचा पुडा उचलून गंधालीच्या पिशवीत परत ठेवला आणि म्हणाली, "उन्हाच्या आधी निघ, बाई. नाहूर लांब आहे."

त्याच संध्याकाळी मी वाळूवर गेलो. सहदेव होडीला रंग लावत होता. काय घडले, पाने कशी आली, मी काय लिहिले, ते मी क्रमाने सांगितले. त्याने ब्रश थांबवला नाही.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "तू बोलला असतास तर भांडलो असतो तुज्याशी. चार दिवस तोंड बघितलं नसतं, मग बसलो असतो परत. पण तू बोलला नायस. तू दुरुस्त केलंस. आता ह्याच्यावर भांडू कसा, सांग."

"तू काही तरी बोल."

"रंग ओला हाय, हात लावू नको," तो म्हणाला.

गंधालीच्या प्रश्नाचे उत्तर मार्चमध्ये मिळाले. होडी घेऊन कोण निघणार, असे तिने विचारले होते. प्रथम प्रकाशकाने वाचकांसाठी समुद्रफेरी काढली, कादंबरीतल्या जागा दाखवणारी. वर्सोव्याहून बोट आली. तिच्यावरची माणसे पुस्तक उघडून किनारा पाहत होती आणि परिच्छेद मोठ्याने वाचत होती. खडपावर बोट थांबली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या, असे नंतर नमिताने सांगितले. त्यांच्यातला कोणी हौशी गळवाला होता. त्याने गळ टाकला, तांबोशी लागली, त्याने माशासकट आपला फोटो आणि त्या जागेचा बिंदू आपल्या मंडळात सर्वांना पाठवला. सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी भाड्याच्या बोटी करून येऊ लागली, आणि त्यांच्या मागोमाग इतर बंदरांतल्या होड्याही. त्यांना पुस्तकाची गरज नव्हती. त्यांच्या यंत्रांत ठिपका होता.

मी गंधालीला फोन केला. ती रडली. फेरी बंद करायला सांगते, म्हणाली. फेरी बंद झाली. बोटी थांबल्या नाहीत.

एप्रिल संपत आला तेव्हा प्रज्योत निरोप घेऊन आला. "काका, बाबा विचारतायत, सकाळी येणार का?" प्रकाशनानंतर मी होडीत पाऊल ठेवले नव्हते. पद्मजाने माझी टोपी आणि पाण्याची बाटली आदल्या संध्याकाळीच दाराशी काढून ठेवली. "बोलावलंय म्हणजे राग गेला असेल," ती म्हणाली. मलाही तसेच वाटले.

होडीत सहदेव, प्रज्योत आणि मी. समुद्र शांत होता. आम्ही नेहमीच्या दिशेने निघालो आणि मी सवयीने किनाऱ्याकडे तोंड करून बसलो. देऊळ लहान होत गेले. उत्तरेची खूण हळूहळू जुळत आली. मी दक्षिणेकडे मान वळवणार तोच सहदेव म्हणाला, "तिकडं नको बघू. आता खूण लागत नाय. पुढं बघ."

मी पुढे पाहिले. खडपावर बोटी उभ्या होत्या. कोणाची छत्री उघडलेली, कोणाचे गाणे लागलेले. एका बोटीवर दोन तरुण एकमेकांचा फोटो काढत होते. समुद्रात कधी न दिसणारी ती जागा आता लांबूनही दिसत होती. इतक्या पिढ्या जे किनाऱ्यावर पाहून शोधावे लागत होते ते लोकांच्या बोटींनी भरून उघड्यावर पडले होते.

प्रज्योतने इंजिन मंद केले. एका बोटीवरून कोणीतरी हात हलवला. "अंकल, इथे मस्त लागतंय! या ना, जागा आहे!"

सहदेवने त्याला हात हलवून उत्तर दिले, कोणत्याही पाहुण्याला द्यावे तसे. "लागू दे," तो म्हणाला. मग प्रज्योतला म्हणाला, "चल."

होडी न थांबता पुढे निघाली. थोड्या वेळाने तिने दिशा बदलली. इकडे मी कधी आलो नव्हतो. माझ्या लक्षात आले की या घराकडे आणखी एखादी जागा असणार. असायलाच हवी, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर असलेल्या घराकडे एकच जागा कशी असेल? आजवर ती मला कळली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. माझ्या मनात पहिला विचार आला तो तपासनिसाचा होता: इथून उत्तरेला काय जुळत असेल?

सहदेवने तो विचार माझ्या तोंडावर वाचला असावा. तो सुकाणूवर होता. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यात राग नव्हता. राग असता तर मी काही उत्तर देऊ शकलो असतो.

"मधू," तो म्हणाला, "तोंड तिकडं कर."

प्रज्योतने दुसरीकडे पाहिले. मी फळीवरून उठलो, होडी हलत होती म्हणून एका हाताने कड धरली आणि वळून बसलो. समोर पश्चिम होती, नुसते पाणी, ज्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते. पाठीमागे सहदेव अधूनमधून सुकाणू वळवत होता आणि प्रज्योतला हळू आवाजात काहीतरी सांगत होता. गळ सुटल्याचा आवाज आला. मासा लागला तेव्हा प्रज्योत ओरडला.

मी मान वळवली नाही.

परतीच्या वाटेवर मी वाट पाहत होतो, सहदेव म्हणेल, आता बघा काय बघायचं ते. होडी वाळूला लागेपर्यंत तो ते म्हणाला नाही.